का दोरो : विकलेला जिना, परत आणलेला आड आणि पाण्यात उतरणारी फरशी

व्हेनिसच्या ग्रँड कनालच्या काठी, कान्नारेज्जो भागात, का दोरो हा वाडा उभा आहे. ‘का’ म्हणजे ‘कासा’, घर; ‘दोरो’ म्हणजे सोन्याचे. आज त्याच्या दर्शनी भागावर सोन्याचा मागमूसही नाही. जाळीदार कमानी, पांढरे व गुलाबी दगड आणि माथ्यावरच्या टोकदार चर्या एवढेच उरले आहे. तरीही गॉथिक काळातल्या व्हेनिसचे घर म्हटले की पहिले नाव याचेच निघते आणि 1927 पासून ते सरकारी संग्रहालय आहे.

संग्रहालय झालेला वाडा पाहताना सगळे मूळचेच आहे असे आपण गृहीत धरतो. का दोरोत ते चालत नाही. इथला दर्शनी भाग बराचसा 15 व्या शतकातला आहे. चौकातला जिना मूळ कामाचा असला तरी तो तुकड्यातुकड्यांनी शोधून पुन्हा उभा केलेला आहे. तळमजल्याची जी फरशी पाहून लोक थक्क होतात, ती तर 20 व्या शतकातली. कोणता भाग कोणत्या हाताचा हे वेगळे करून पाहिल्याशिवाय या वाड्याच्या जतनाचा एकही निर्णय नीट कळत नाही.

मालकच कंत्राटदार

जागा मुळात झेनो घराण्याची होती. मारिन कोंतारिनी यांची पत्नी सोरामादोर ही झेनोंची मुलगी. सासरच्यांचे जुने बायझंटाइन धाटणीचे घर मारिन यांच्या ताब्यात आले, ते त्यांनी उतरवले आणि 1421 पासून नवे बांधायला घेतले. काम जवळपास 1440 पर्यंत चालले. जुन्या घराचे नक्षीदार दगडी पट्टे मात्र त्यांनी टाकून दिले नाहीत, ते नव्या दर्शनी भागात बसवले. म्हणून समोरच्या भिंतीवरचे काही पट्टे भोवतालच्या गॉथिक कामापेक्षा जुने आणि वेगळ्या हाताचे दिसतात. ती नंतरची डागडुजी नव्हे, मालकाने जाणूनबुजून जपलेला अवशेष आहे.

या घराला एक असा वास्तुरचनाकार नव्हता. मारिन स्वतःच काम चालवत. दगड, वीट, चुना, लाकूड ते विकत घेत, कारागिरांशी थेट करार करत आणि सगळ्याची नोंद ठेवत. त्यांच्या हिशेबाच्या वह्या टिकल्या, म्हणूनच कोणी काय केले हे आज इतक्या खात्रीने सांगता येते. दगडकामाचे दोन गट होते. एक व्हेनिसचाच, जोव्हान्नी बोन आणि त्यांचा मुलगा बार्तोलोमेओ यांचा. दुसरा मिलानच्या मात्तेओ राव्हेर्तींचा. तिथल्या कॅथेड्रलच्या कामावर तयार झालेला माणूस. पहिल्या मजल्यावरच्या सज्जाची दगडी जाळी आणि चौकातला उघडा जिना ही राव्हेर्तींच्या गटाची कामे. दोन परंपरांचे कारागीर एकाच भिंतीवर काम करत होते आणि त्यांची सांगड मालक घालत होता. या पद्धतीचा तोटाही आहे. मालकाचे मन बदलले की काम थांबते, उलटते, पुन्हा सुरू होते. एका घराला सुमारे वीस वर्षे लागली, ती काही अंशी यामुळेच.

दर्शनी भाग एकसारखा नाही. डावीकडे एकावर एक तीन उघडे भाग आहेत : खाली पाच कमानींची पडवी, त्यावर दोन मजले जाळीदार सज्जे. उजवीकडे मात्र दगडाने मढवलेली भरीव भिंत आणि तिच्यात सुट्या खिडक्या. डावीकडे आणखी एक बाजू बांधायची होती की नाही, यावर जाणकारांत दोन मते आहेत. कामाच्या दृष्टीने पाहिले तर या रचनेचे मोल वेगळे आहे. उघड्या भागाने व्हेनिसच्या घराची अंतर्रचना बाहेरून दिसते. तळमजल्यावर पाणदरवाज्यातून थेट आत माल उतरवायचा, बाजूच्या खोल्यांत तो साठवायचा आणि वर लांबच लांब पोर्तेगोत, म्हणजे घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या दिवाणखान्यात, माणसांनी वावरायचे. या खोल दिवाणखान्याला उजेड मिळतो तो दोन टोकांकडूनच. कालव्याकडची सगळी बाजू कमानींनी उघडण्याचे कारण शोभेपेक्षा आधी हे आहे.

सोने नक्की कुठे होते

सगळी भिंत सोन्याने मढवली होती अशी समजूत आहे, ती चूक. 15 सप्टेंबर 1431 ला मारिन यांनी झुआन दे फ्रान्सा, म्हणजे फ्रान्सचा झुआन, या रंगाऱ्याशी करार केला. त्यात कुठे काय लावायचे ते एकेक करून लिहिले आहे. चर्यांच्या टोकांवरचे गोळे, कोरलेली फुले, सिंह, मोठ्या स्तंभशीर्षांची पाने, कुलचिन्हांचे उठावाचे भाग : यांना सोन्याचा वर्ख. पानांच्या आणि चिन्हांच्या मागची पार्श्वभूमी अस्सल निळ्या रंगात. चर्यांना तेलात खललेल्या सफेद्याचे हात, म्हणजे त्या संगमरवरी भासाव्यात. काही पट्टे तेलातल्या काळ्या रंगाचे. आणि व्हेरोनाच्या लाल दगडाला तेल व रोगण, म्हणजे त्याचा रंग खुलावा. थोडक्यात, सोने फक्त उठावावर होते. त्याच्या मागे निळे आणि शेजारी पांढरे-लाल असल्याने उन्हात आणि पाण्याच्या प्रतिबिंबात ते डोळ्यांत भरत असणार. या कामाला वर्खाची पाने लागली ती वीस हजारांहून अधिक.

निळा रंग लाजवर्दाचा. तो दगड बदख्शानच्या खाणींतून, आजच्या अफगाणिस्तानातून, व्यापाऱ्यांच्या हातांतून व्हेनिसला पोचत असे. पूर्वेकडचा असा माल युरोपात शिरायचा तो मुख्यतः याच शहरातून. अशा किमतीचा रंग घराबाहेर उघड्यावर लावणे ही ऐपतीची जाहिरातच होती, आणि ती ग्रँड कनालवरून जाणाऱ्या प्रत्येकासाठी होती.

हे टिकले का नाही, तर लावण्याच्या पद्धतीमुळे. उघड्यावरच्या दगडाला वर्ख पाण्यावर बसत नाही. जवसाचे तेल घट्ट करून त्याचा चिकट थर द्यावा लागतो आणि तो अर्धवट सुकला की त्यावर वर्ख दाबावा लागतो. खारी हवा आणि ऊन यांनी वर्षानुवर्षांत तेल कोरडे पडते, त्याची पूड होते आणि सोने स्वतः खराब न होताही पापुद्र्यांनी गळून पडते. लाजवर्दाचा रंग आम्ल लागले की फिका पडतो. यांत सर्वांत चिवट निघतो तो सफेदाच. व्हेरोनाच्या लाल दगडाचे दुखणे निराळे. तो गाठीगाठींचा चुनखडक आहे आणि गाठींच्या मधून मातीच्या बारीक शिरा जातात. पाणी त्या शिरांत शिरते, माती फुगते आणि दगडाचे टवके निघतात. तेल-रोगण दिल्याने रंग तर खुलतोच, शिवाय काही वर्षे पाणीही अडते. 1431 चा करार निव्वळ सजावटीचा म्हणून वाचला जातो. त्यातले तेलाचे कलम मात्र देखभालीचेही आहे. हा हात दर काही वर्षांनी पुन्हा दिला नाही तर त्याचा उपयोग संपतो, आणि तो पुढच्या पिढ्यांनी दिला नाही.

चौकातला आड

चौकाच्या मध्यावर व्हेरोनाच्या लाल दगडाचे आडाचे तोंड आहे. बार्तोलोमेओ बोन यांनी ते 1427 मध्ये कोरले. त्याच्या बाजूंवर न्याय, धैर्य आणि दया या गुणांच्या स्त्रीमूर्ती आहेत. हा आड म्हणजे जमिनीतल्या झऱ्याची विहीर नव्हे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या शहरात गोडे पाणी वरूनच यायचे. म्हणून चौक सुमारे पाच मीटर खोल खणत, त्या खड्ड्याला तळापासून काठापर्यंत चिकणमातीचे अस्तर देत, मध्यभागी विटांची नळी उभी करत आणि नळी व अस्तर यांच्यामधली सगळी जागा नदीच्या धुतलेल्या वाळूने भरत. चौकाच्या फरशीला आडाच्या भोवती ठेवलेल्या भोकांच्या दगडांकडे उतार दिलेला असे. छपराचे आणि चौकाचे पावसाचे पाणी त्या भोकांतून वाळूत जाई, गाळत गाळत खाली उतरे आणि तळाकडून मधल्या नळीत शिरे. पोहरा सोडायचा तो त्या नळीत.

या व्यवस्थेचा घात होतो तो दोन प्रकारे. चिकणमातीच्या अस्तराला तडा गेला की बाजूचे खारे पाणी वाळूत झिरपते. आणि भरतीचे पाणी चौकात चढून भोकांतून आत गेले की सगळी वाळू खारट होते. मग ती उपसून बदलण्यावाचून गत्यंतर नाही. व्हेनिसला मुख्य भूमीवरून नळाचे पाणी 1884 मध्ये आले. तोवर पावसाळी आडाचे तोंड म्हणजे घराच्या जगण्याचा भाग होता. हेच तोंड 19 व्या शतकात विकले गेले.

मोडतोड

कोंतारिनींनंतर वाडा वाटण्यांतून आणि विक्रीतून अनेकांच्या हाती गेला. 1840 च्या दशकात रशियन सरदार त्रुबेत्स्कॉय यांनी तो घेऊन प्रसिद्ध नर्तिका मारी ताल्योनी यांना दिला. दुरुस्तीचे काम जोव्हान्नी बात्तिस्ता मेदूना यांच्याकडे होते. 1836 च्या आगीनंतर ला फेनिचे हे नाट्यगृह पुन्हा उभारणाऱ्या दोघा मेदूना बंधूंपैकी हे एक. म्हणजे माणूस अडाणी नव्हता. त्या काळी दुरुस्तीचा अर्थच वेगळा होता : जुने अडगळीचे असेल तर काढा, वाकडे असेल तर सरळ करा, राहणाऱ्यांची सोय पाहा. त्या हिशेबाने चौकातला उघडा गॉथिक जिना गेला. त्याचे दगड सुटे करून भंगार संगमरवर म्हणून विकले गेले. चौकाकडे उघडणारे सज्जे फोडले गेले.

सप्टेंबर 1845 मध्ये इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन या दर्शनी भागाचे चित्र काढत होते. समोर कामगार हातोडे मारून तोच भाग पाडत होते, आणि त्या दिवसाचे दुःख त्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. त्यांच्या हळहळीला काही जण भावविवशता म्हणतात. पण जिन्याच्या बाबतीत त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. राव्हेर्तींच्या गटाने घडवलेले, हिशेबवहीत नोंद असलेले काम दगडाच्या वजनाने विकणे ही चूक होती, आणि ती निस्तरण्यात पुढच्या मालकाच्या आयुष्याचा मोठा भाग गेला.

फ्रांकेत्तींनी काय परत आणले, काय नवे केले

जॉर्जो फ्रांकेत्ती यांचा जन्म 1865 चा, तोरिनोचा. घराणे ज्यू सावकारांचे, आई रॉथस्चाइल्ड कुळातली, भाऊ आल्बेर्तो हा ऑपेराचा संगीतकार. स्वतः जॉर्जोही संगीताचे शिक्षण घेतलेले. त्यांनी 1894 मध्ये वाडा विकत घेतला आणि मेदूनाकाळातले बदल मागे फिरवायला सुरुवात केली. विकल्या गेलेल्या जिन्याचे तुकडे त्यांनी शोधून काढले, परत मिळवले आणि जिना पुन्हा बांधला. बोन यांचे आडाचे तोंडही परत आणले. सुटे झालेले जुने दगड शोधून मूळ जागी बसवण्याचे काम नव्याने कोरण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचे असते. प्रत्येक तुकड्याची जागा सांध्यावरून, खुणांवरून आणि झिजेवरून ठरवावी लागते, आणि जे सापडत नाहीत त्यांच्या जागी नवा दगड बसवावा लागतो.

इथवर फ्रांकेत्ती जतन करणारे. तळमजल्यावर मात्र ते निर्माते झाले. पाणदरवाज्यामागच्या पडवीत आणि चौकालगत त्यांनी सुमारे 350 चौरस मीटरची संगमरवरी फरशी स्वतः आखली. कापलेल्या रंगीत पाट्या एकमेकींत बसवायच्या आणि मधल्या जागी बारीक चौकोनी खडे लावायचे, ही जुनी रोमन-बायझंटाइन पद्धत. नमुने घेतले सान मार्को, तोर्चेल्लो आणि मुरानोच्या चर्चमधल्या फरशांवरून. दगडही प्राचीन : जांभळा पॉर्फिरी, हिरवा सर्पेंटाइन आणि जुन्या रोमन बांधकामांतले दुर्मीळ रंगीत संगमरवर. त्यातला बराच भाग त्यांनी गुडघे टेकून स्वतःच्या हाताने बसवला. कोंतारिनींच्या घरात अशी फरशी कधीही नव्हती.

मग हे खोटे काम का? तसे म्हणणाऱ्यांची बाजू समजण्यासारखी आहे. 15 व्या शतकातल्या माल उतरवण्याच्या ओल्या पडवीला फ्रांकेत्तींनी चर्चची फरशी घातली. पण ही फरशी जुन्या कामाची नक्कल म्हणून खपवलेली नाही; ती एका माणसाने डोळे उघडे ठेवून, स्वतःच्या काळात केलेली रचना आहे. आज तिला काढून ‘मूळचे’ शोधणे म्हणजे मेदूनांचीच चूक उलट्या दिशेने करणे होईल. जतन करायचे ते तिलाही, आणि कागदोपत्री तारीख लावून.

1916 मध्ये फ्रांकेत्तींनी वाडा आणि संग्रह इटालियन राज्याला दिला. काम मात्र चालूच होते. असाध्य आजाराने गांजल्यावर डिसेंबर 1922 मध्ये त्यांनी जीवन संपवले. त्यांची रक्षा तळमजल्यावरच, पॉर्फिरीच्या एका प्राचीन स्तंभाखाली ठेवली आहे. उरलेली मांडणी पुरी केली ती कलावारशाचे सरकारी अधिकारी जीनो फोगोलारी यांनी, आणि 18 जानेवारी 1927 ला संग्रहालय खुले झाले.

घराचे दालन होताना

संग्रह एका माणसाचा असला की त्यात त्याची आवड असते, सलगता नसते. फोगोलारींनी सरकारी साठ्यातून ब्राँझ, शिल्पे आणि बंद पडलेल्या धर्मसंस्थांतल्या वस्तू जोडून ती पोकळी भरली. याच्या अगदी उलट का रेझोनिको : कालव्याच्या खालच्या वळणावरचा तो वाडा 1935 मध्ये नगरपालिकेने घेतला तेव्हा रिकामाच होता, म्हणून 18 व्या शतकातले सामान बाहेरून आणून तो 1936 मध्ये उघडला. तिथे संग्रह घरासाठी जमवला. इथे घर संग्रहकाराच्या मनाप्रमाणे घडले.

त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे आंद्रेआ मान्तेन्या यांचा ‘संत सेबास्तियन’. बाणांनी विंधलेला तो उभा देह आणि खाली कोपऱ्यात विझत आलेली मेणबत्ती. तिच्याभोवतीच्या पट्टीवर लॅटिनमध्ये लिहिले आहे की दैवी तेवढे टिकते, बाकी सारा धूर. या एका चित्रासाठी फ्रांकेत्तींनी संगमरवराने मढवलेले देवघरासारखे दालन करवले. चित्र भिंतीवर टांगण्याऐवजी वास्तूतच बसवण्याचा हा निर्णय संग्रहालयाला कायमचा बांधून ठेवतो : चित्र हलवले तर खोलीचा अर्थ जातो.

तिझियानो यांच्या भित्तिचित्रांचे तुकडेही इथे आहेत. 1505 च्या आगीनंतर पुन्हा बांधलेल्या फोंदाको देई तेदेस्की या जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीच्या बाह्य भिंतींवर जॉर्जोने आणि तिझियानो या दोन चित्रकारांनी 1508 च्या सुमारास रंगवलेली ती चित्रे. खाऱ्या वाऱ्याने ती इतकी खाल्ली की भिंतीवरून उतरवलेल्या तुकड्यांत आज आकृत्यांच्या सावल्याच उरल्या आहेत. दर्शनी भागावरच्या कोंतारिनींच्या रंगांचे काय झाले असेल, ते या तुकड्यांसमोर उभे राहिले की कळते.

मीठ

वाड्याचा पाया व्हेनिसच्या रीतीचा : चिखलात ठोकलेले लाकडी खुंट, त्यावर फळ्यांची बैठक, त्यावर इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाचे थर आणि वर विटांची भिंत. हवेवाचून चिखलात गाडलेले खुंट शतकानुशतके टिकतात. दुखणे खुंटांचे नाही, विटांचे. इस्त्रियाचा दगड अत्यंत घट्ट, पाणी जवळजवळ न शोषणारा. भरतीची रेषा या थरांच्या उंचीत राहावी आणि वर ओल चढू नये, हा जुन्या गवंड्यांचा हिशेब होता. तो हिशेब आता चुकला आहे. 1897 च्या शून्य पातळीच्या तुलनेत आज खाजणाचे, म्हणजे शहराभोवतीच्या उथळ खाऱ्या जलाशयाचे, सरासरी पाणी 30 सेंटीमीटरहून वर आहे. काही वाढ समुद्राची, काही जमीन खचल्याची. आता भरती दगड ओलांडून थेट विटेला लागते.

वीट खारे पाणी वर ओढते. पृष्ठभागावर पाणी सुकते, मीठ मागे राहते आणि त्याचे स्फटिक वाढताना विटेचा चेहरा फोडतात. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार, फक्त इथे मिठाचा पुरवठा रोज दोनदा होतो. फरशीचे हाल याहून बिकट, कारण तिला खालून ओल आणि वरून पूर दोन्ही. 4 नोव्हेंबर 1966 ला पाणी त्याच शून्य पातळीपासून 194 सेंटीमीटरपर्यंत चढले, 12 नोव्हेंबर 2019 ला 187 पर्यंत. पूर ओसरल्यावर फरशी कोरडी दिसते. नुकसान त्यानंतर, सुकताना होते.

अशा फरशीवर कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी बोटाच्या पेराने किंवा लहान लाकडी हातोडीने ठोकत जायचे. पोकळ आवाज आला तिथे खालचा थर सुटला आहे. सुटलेल्या जागांचा नकाशा करायचा आणि हलणारे खडे कापडाने वरून तात्पुरते धरून ठेवायचे. मग मीठ काढायचे : क्षारविरहित पाण्यात भिजवलेला कागदाच्या लगद्याचा लेप जाड थरात लावायचा, सुकू द्यायचा, काढायचा, त्यातले मीठ मोजायचे आणि आकडा खाली येईपर्यंत पुन्हा लावायचा. त्यानंतरच पोकळीत पाण्यातही घट्ट होणारा पातळ चुना भरायचा. घाई करून मीठ आत असतानाच चुना भरला तर एकदोन हिवाळ्यांत तीच जागा पुन्हा उठते. सिमेंट तर वापरायचेच नाही. ते चुन्यापेक्षा कडक असते, ओलीला वाट देत नाही, आणि अडलेली ओल मग शेजारच्या जुन्या दगडातून बाहेर पडते.

3 ऑक्टोबर 2020 ला खाजणाच्या तीन मुखांवरचे, पूर अडवणारे मोझे दरवाजे भरतीत पहिल्यांदा उचलले गेले. 8 डिसेंबर 2020 ला ते न उचलल्याने शहरात पाणी शिरले, तो अपवाद सोडता तेव्हापासून मोठे पूर सहसा शहरात शिरत नाहीत. पण दरवाजे उचलायचे ते सुमारे 110 सेंटीमीटरच्या भरतीचा अंदाज असेल तेव्हा. त्याखालच्या भरत्या रोजच्यासारख्या येतात, आणि सखल पडव्यांना त्यादेखील पुरेशा असतात.

पर्यटक आज जमिनीकडून, स्त्रादा नोव्हाला लागून असलेल्या बोळातून आत येतात. हा रस्ता 1871 च्या सुमारास जुनी घरे पाडून काढलेला. त्यामुळे वाड्याची पाठ आधी दिसते आणि तोंड शेवटी. जमल्यास आत जाण्याआधी रियाल्तोच्या मासळीबाजाराच्या काठावर, बरोबर समोर, ओहोटीच्या वेळी उभे राहावे. पायाच्या पांढऱ्या दगडावर शेवाळाची काळपट रेघ दिसेल. ती रेघ आणि पहिल्या विटेत किती अंतर उरले आहे, तेवढे पाहून मग आत फरशीवर पाऊल टाकावे.